प्राथमिक शाळेची गुऱ्हाळ सहल: काय मिळतं, काय सांभाळावं

तिसरी-चौथीच्या मुलांसाठी कोल्हापूरच्या आसपास गुऱ्हाळासारखी दुसरी सहल नाही. दिवाळीनंतर मार्चपर्यंत हंगाम जोरात असतो. मात्र वेळ चुकली की मुलं नुसती वाफ बघून परततात. एका आधणाला, म्हणजे कढईभर रसाचा गूळ व्हायला, अडीच-तीन तास लागतात, म्हणून गुळव्याला (गूळ शिजवणाऱ्या कारागिराला) आदल्या दिवशी फोन करून काहिल, म्हणजे ती मोठी कढई, कधी उतरणार ते विचारा आणि तासभर आधी पोहोचा.

आधी घाणा आणि रसाची हौदी दाखवा. रस तापला की भेंडीचं चिकट पाणी घालतात. त्यात गाळ धरला जातो, काळपट मळी वर येते आणि झाऱ्याने काढली जाते. हे मुलं डोळे विस्फारून बघतात! पाक साधारण 118 अंशांना पोहोचला की गुळव्या थेंबभर पाक गार पाण्यात टाकतो. गोळी वळली की काहिल उतरते. पाक वाफ्यात (गार करायच्या उथळ हौदात) ओततात, घोटतात आणि ढेपा भरतात. पिळलेल्या उसाचं चिपाड वाळवून तेच चुलवाणात (काहिलीखालच्या भट्टीत) जातं, हेही दाखवाच.

उणं एकच, पण मोठं: बहुतेक ठिकाणी कठडा नसतो. उकळता पाक कातडीला चिकटून राहतो, म्हणून भाजणं खोल जातं. दहा फुटांवर दोरी बांधून घ्या, वीस मुलांमागे दोन शिक्षक ठेवा, घाण्याजवळ ओढण्या-मफलर नकोत. स्वच्छतागृहाची चौकशी आधीच करा. पिवळाधमक गूळ दिसला तर रंगासाठी पावडर घातली का, हे मुलांनाच विचारू द्या.

पाचपैकी चार तारे.