कचऱ्याची उष्णता कुठे विकायची : वीज, वाफ की सिमेंटची भट्टी?

नगरपालिकेपुढे येणाऱ्या तिन्ही प्रस्तावांत कचरा जळतोच. फरक असतो तो उष्णता कुठल्या रूपात आणि कुणाला विकायची याचा. पुढची सगळी डोकेदुखी त्यावरूनच ठरते.

पण आधी जुलैतल्या कचऱ्याचा उष्मांक, म्हणजे किलोभर कचरा जाळून किती उष्णता मिळते ते, मोजून घ्या. ठेकेदाराचे आकडे बहुतेक वेळा उन्हाळ्यातले असतात. ४० टक्के ओलाव्याला किलोमागे १८०० किलोकॅलरी देणारा कचरा पावसात ५५ टक्के ओला झाला, की जेमतेम १२०० देतो. कोरडा भाग घटतो आणि पाण्याची वाफ करण्यातच उष्णता खर्च होते. वर्षाची सरासरी १७०० च्या आसपास आणि कुठल्याही महिन्यात १४५० च्या वर, हे नसेल तर भट्टीत ८५० अंश टिकवायला डिझेल ओतावं लागतं. दिल्लीचा तिमारपूर प्रकल्प १९८७ मध्ये काही आठवड्यांतच थंडावला तो यामुळेच. कचऱ्यात जाळण्यासारखं काही नव्हतंच म्हणा ना! खड्ड्यात कचरा पाच-सात दिवस मुरवून पाणी निथळू दिलं तर बराच फरक पडतो, पण मग त्या काळ्या पाण्याची सोय आधी लावावी लागते.

वीज. गिऱ्हाईक शोधायला नको, ही हिची जमेची बाजू. मात्र उष्णतेतली जेमतेम २० ते २५ टक्के हाती येते. प्लास्टिक आणि मिठातल्या क्लोरीनमुळे सुपरहीटरच्या, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या, नळ्या गंजून झिजतात, म्हणून वाफ साधारण ४० बार दाब आणि ४०० अंशांवरच थांबवतात. कोळशाच्या वीजकेंद्राइतकी चढवता येत नाही. १८०० उष्मांकाच्या एका टनातून सुमारे ४२० युनिट निघतात, त्यातली पन्नास-साठ प्लांटचे पंखे आणि पंपच खातात. पिंपरी-चिंचवडच्या मोशीत रोज ७०० टनांवर १४ मेगावॅट, म्हणजे टनाला ४८० युनिट धरली आहेत. तिथे सुका कचरा जाळतात.

वाफ. डेन्मार्कमध्ये याच उष्णतेवर घरं तापवतात. आपल्याकडे घर तापवायचा प्रश्न एप्रिलच सोडवतो, पण कापड प्रोसेसिंग किंवा कागद गिरणीला बारा महिने वाफ लागते. त्याच एका टनातून १० बारची सव्वादोन टन वाफ निघते. तापमान १८५ अंशांच्या आतबाहेर, सुपरहीटर नाही, त्यामुळे नळ्याही टिकतात. ऊर्जेच्या हिशेबात हा पर्याय विजेच्या तिप्पट भरतो.

अडचण येते ती गिऱ्हाइकाकडून. गिरणी दिवाळीत चार दिवस बंद, घंटागाड्या मात्र चालूच. वाफ जिरवायला, म्हणजे थंड करून तिचं पुन्हा पाणी करायला, वेगळा कंडेन्सर हवा. भट्टी दुरुस्तीला उतरली तर गिरणीला तिचा जुना बॉयलर लागतो, तो मोडीत काढू देऊ नका. वाफेची लाइन दोन किलोमीटरपलीकडे नेणं सहसा परवडत नाही.

या दोन्ही पर्यायांत धूर धुण्याचा खर्च तुमचाच : चुना, कार्बन आणि धूर गाळणाऱ्या कापडी पिशव्या (बॅग फिल्टर). धूर १४० अंशांच्या खाली गेला की चुन्यापासून झालेलं कॅल्शियम क्लोराइड ओल धरतं आणि पिशव्या लिंपल्यासारख्या बंद होतात. वारंवार बंद-चालू होणाऱ्या प्लांटमध्ये पिशव्या लवकर जातात त्या यामुळे. शिवाय टनामागे दोनेकशे किलो तळराख उरते; झाडलोटीची माती आली तर आणखी.

सिमेंटची भट्टी. इथे फक्त आरडीएफ, म्हणजे कचऱ्यापासून केलेलं सुकं इंधन, करून पाठवायचं : वाळवा, चाळा, ५० मिलिमीटरच्या आत तुकडे करा. राख क्लिंकरमध्येच, म्हणजे ज्या भाजलेल्या खड्यांचं पुढे सिमेंट होतं त्यांतच, मुरते. कारखान्याला क्लोरीन एक टक्क्याच्या आत हवं, कारण जास्त झालं की भट्टीआधी कच्चा माल तापवणाऱ्या प्रीहीटरच्या सायक्लोनमध्ये थर चढतात आणि भट्टी थांबवावी लागते. नाकारलेल्या ट्रकचं दोन्ही बाजूंचं भाडं पालिकेच्या माथी. नागपूरला चंद्रपूरचे कारखाने जवळ आहेत. कोकणातल्या गावाला तेवढं जवळ कुणीच नाही. माल हलका असतो, वजन भरायच्या आत ट्रक भरतो, म्हणून गठ्ठे बांधूनच पाठवा.

रोजचा सुका कचरा शंभर टनांच्या आत असेल तर आमचं मत आरडीएफला. तीनशेच्या वर आणि एमआयडीसी शेजारी असेल तर वाफ. वीज शेवटी. करार कुठलाही करा, ‘रोज अमुक टन पुरवू, नाहीतर दंड’ हे कलम उष्मांकाला जोडल्याशिवाय सही करू नका. नाहीतर टन भरायला ओला कचरा आणि डेब्रिज भट्टीत जातं, आणि डिझेलचं बिल पुन्हा तुमच्याकडे येतं.