उजवा अंगठा ट्रकने घेतला, डावा मीच दिला

ऑगस्ट 2021. ट्रकमधून लोखंडी पेटी उतरवताना फाळका सुटला आणि उजवा अंगठा मुळापासून गेला. चौथ्या दिवशी खाटेशी एक माणूस हजर. "केस टाकू, सगळं माझ्यावर सोडा." फाईलचे 7,500 आणि वकिलाचे 15,000, दोन्ही रोख घेतले. पावती? विचारू नका.

मग त्याने कोरा स्टँप पेपर पुढे केला. हात पट्टीत, सही कशी करणार? तो म्हणाला, "डाव्या अंगठ्याचा ठसा चालेल." मी बारावी पास माणूस, ठसा उठवताना पोटात कालवलंही होतं. पण घरात महिनाभर दमडी आली नव्हती आणि मुकादम फोन उचलत नव्हता. माझ्या जागी कोण विचार करत बसला असता? तरी तिथेच उठायला हवं होतं. कोऱ्या कागदावर काहीही देऊ नका, ठसासुद्धा.

सहा महिन्यांनी हातात 40,000 ठेवले. "कोर्टाने एवढेच दिले." नोव्हेंबर 2023 मध्ये ठेकेदाराच्या कारकुनाने व्हाउचर दाखवलं: 1,10,000, 'पूर्ण व अंतिम तडजोड', खाली माझा ठसा. केस कधी टाकलीच नव्हती! फाईलचे आणि वकिलाचे धरून माझ्या अंगठ्याचे त्याला 92,500, मला 17,500.

आता हिशोब ऐका. तेव्हा 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागू होता. त्यात अंगठा म्हणजे 30 टक्के कमाईक्षमता गेली. पगार 12,000, त्याचे 60 टक्के 7,200. वय 40, त्या वयाचा कायद्याच्या तक्त्यातला गुणांक 184.17. 7,200 गुणिले 184.17, त्याचे 30 टक्के म्हणजे 3,97,807 रुपये. महिन्यात दिले नाहीत तर वर 12 टक्के व्याज. हे मला नंतर एका खऱ्या वकिलाने दहा मिनिटांत मांडून दाखवलं. अर्जाचा क्रमांक मागा, तो नसेल तर केस नाही. ठेकेदार पळाला तरी ज्याचं काम त्याने घेतलंय तो मूळ मालक सुटत नाही, हेही तेव्हाच कळलं.

पोलीस म्हणाले, दिवाणी बाब. कामगार कार्यालयात साहेब रजेवर. दुसऱ्यांदा गेलो, साहेब मीटिंगला. तिसऱ्यांदा भेटले आणि म्हणाले, "दोन वर्षांची मुदत गेली, इतके दिवस झोपला होता का?" ठसा देणारा मूर्ख, मान्य. पण नुकसानभरपाई आयुक्तांकडे, म्हणजे अशी भरपाई ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, न नोंदवलेली तडजोड मालकाला वाचवत नाही आणि सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, हे सांगायला त्या खुर्चीतल्या एकाचीही जीभ वळली नाही? पगार कशाचा घेतात?

अर्ज शेवटी मीच टाकला, उशीरमाफीच्या विनंतीसह. त्या माणसाचा नंबर अजून चालू आहे. माझा आवाज ऐकला की कट करतो.