'जेम्स': पेन्सिलीच्या एका तुकड्याची किंमत

अमेरिकन लेखक पर्सिव्हल एव्हरेटची 'जेम्स' (2024) ही कादंबरी दिवाळीच्या सुट्टीत वाचायला घेतली आणि सुरुवातीच्याच एका प्रसंगावर मी अडकले. मिसूरी राज्यातल्या हॅनिबल गावात जेम्स हा गुलाम बाप आपल्या लेकीची आणि वस्तीतल्या पोरांची शिकवणी घेतोय. शिकवतोय काय, तर मोडकंतोडकं बोलायला! आपसांत ही माणसं स्वच्छ, नेमकं बोलतात. गोरा माणूस दिसला की मुद्दाम अडखळतात. मालकिणीच्या स्वयंपाकघरात आग लागली, तरी 'आग' हा शब्द आपण उच्चारायचा नाही. संकटाला नाव देण्याचा मान तिचा.

मी नांदेडकडची. पुण्यात हॉस्टेलला आले तेव्हा 'काय करायलीस?' म्हटलं की खोलीतल्या मुली हसायच्या. महिनाभरात माझ्या दोन भाषा झाल्या, एक वर्गातली आणि एक बाबांशी फोनवर बोलायची. पण माझं नुसतं हसंच व्हायचं. जेम्सच्या लेकीच्या तोंडून गोऱ्यांपुढे एक धड वाक्य निसटलं, तर तिच्या जिवावर बेतेल. हे लक्षात आलं आणि मी ती पानं पुन्हा, मोठ्यानं वाचली.

गोष्ट ओळखीची आहे. मार्क ट्वेनच्या कादंबरीत हकलबेरी फिन या पोराबरोबर तराफ्यावरून मिसिसिपी नदी उतरणारा गुलाम जिम, तोच हा जेम्स. ट्वेनकडे गोष्ट हक सांगतो, इथे जिम स्वतः. आपल्याला विकणार, बायकोपोरीपासून तोडणार, हे कळल्यावर तो पळतो. सोबत हक. ट्वेन वाचलेला नसला तरी अडत नाही.

मला सगळ्यात लागली ती पेन्सिल. जेम्सला लिहायचंय. जॉर्ज नावाचा एक तरुण गुलाम मालकाची पेन्सिल त्याच्यासाठी चोरून आणतो, जेमतेम बोटभर तुकडा. त्यापायी जॉर्ज चाबकाखाली जातो आणि जेम्सला झुडपाआडून ते बघावं लागतं. पुढे नदीत सगळं वाहून जातं, पण तो तुकडा त्याच्या खिशात राहतो. जॉर्ज कादंबरीत किती थोडा वेळ येतो! पण धैर्य म्हटलं की मला आता तोच आठवतो.

हे अतिशयोक्त वाटत असेल, तर एक तारीख सांगते. काळ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवणारी शाळा चालवू नये, असा कायदा याच मिसूरी राज्यानं 1847 मध्ये केला. पुढच्याच वर्षी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली. जोतीरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली तीही अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्यांना. ती अर्पणपत्रिका मी वर्गात कितीदा वाचून दाखवलीय. तिच्यामागचं माणसांचं जगणं मात्र या कादंबरीनं दाखवलं.

गोऱ्या गवयांच्या मेळ्याचा भागही जबरदस्त आहे. तोंडाला काळं फासून काळ्यांची नक्कल करणारे हे लोक जेम्सचा आवाज ऐकून त्याला ठेवून घेतात. पण मंचावर खरा काळा माणूस कसा चालेल? म्हणून त्यालाही रंग फासतात. त्यांच्याच गाण्यांची वही उचलून तो कोऱ्या पानांवर आपली कहाणी लिहू लागतो.

उत्तरार्धातला हकबद्दलचा एक खुलासा मात्र मला पटला नाही. रक्ताचं नातं नसतानाही एका माणसानं दुसऱ्यासाठी जीव धोक्यात घालावा, हेच त्या दोघांचं बळ होतं. खुलाशानं ते उणावलं. शेवटची प्रकरणंही धावतात.

इंग्रजी अवघड नाही. जेम्स मुद्दाम 'अडाणी' बोलतो ते संवाद सुरुवातीला अडतात. मोठ्यानं वाचले की उलगडतात. कादंबरीला पुलित्झर पुरस्कार 2025 मध्ये मिळाला. मी मात्र पुस्तक हातात देताना लोकांना न्यायाधीशाच्या घरातला प्रसंग आधी सांगते: जेम्स पिस्तूल रोखून उभा आहे आणि न्यायाधीशाला पिस्तुलापेक्षा त्याच्या शुद्ध बोलण्याचीच जास्त भीती वाटतेय.