बहारीनच्या बोटीवर जाण्याआधी ई-मायग्रेट उघडा

माझा भाचा माजलगावच्या धरणात जाळं टाकतो. नववीतच शाळा सुटली. गेल्या महिन्यात गावात एक एजंट आला. म्हणे, "बहारीनला मासेमारीच्या बोटीवर पोरं पाहिजेत. चाळीस हजार आत्ता द्या, ऐंशी हजार तिकडं वाट्यातून कापून घेऊ."

माझ्या आईबापानं उचल घेऊन पंधरा हंगाम ऊस तोडला. 'कापून घेऊ' म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको. हंगाम संपून पट्टा पडला तरी उचल फिटायची नाही, अन् फिटल्याशिवाय मुकादम सोडायचा नाही. फडातून निदान रात्री पायी निघता येतं. बोटीवरून लेकरू कुठं निघणार?

म्हणून भाच्याला घेऊन ऑनलाईन सेंटरवर गेलो आणि परराष्ट्र मंत्रालयाचं ई-मायग्रेट पोर्टल उघडलं. परवाना असलेल्या एजंटांची यादी तिथं कुणालाही फुकट बघता येते. आमच्या माणसाचं नाव नव्हतं. फोन केला तर म्हणाला, "मी मुंबईच्या ऑफिसचा." १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानं परवान्याशिवाय भरती करता येत नाही. परवानावाल्यालाही कामगाराकडून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. हा एक लाख वीस हजार मागत होता.

खरी मेख व्हिसात होती. "आधी व्हिजिटवर जा, तिथं बदलून देतो." दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर असतं, म्हणजे ठराविक देशांत कामाला जायला सरकारची मंजुरी लागते असा शेरा, आणि अशा १८ देशांत बहारीन येतं. रीतसर कामाच्या व्हिसावर गेलं तर मालक, पगार, करार पोर्टलवर नोंदवला जातो, शिवाय १० लाखांचा प्रवासी भारतीय बीमा निघतो, दोन वर्षांचे २७५ रुपये. व्हिजिटवर गेलेल्याची यातली कसलीच नोंद नाही. तिथं पोर्टलचा हात पोचत नाही, म्हणून माझ्याकडून पोर्टलला पाचात चार तारे.

परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी सरकारचा १८००-११-३०९० हा मदतीचा फुकट नंबर आहे, त्यावरही बोललो. हिंदीत नीट समजावून सांगितलं. पासपोर्ट मालकाकडं द्यायचा नाही, हे भाच्यानं स्वतःच्या कानानं ऐकलं. बहारीनच्या कायद्यातही ते बसत नाही.

भाचा थांबला. त्याच्या शेजारच्या पोरानं मात्र पैसे भरलेत, व्हिजिट व्हिसा आलाय. उद्या त्याच्या आईला सेंटरवर बोलावलंय, सगळे कागद घेऊन.