चेनसॉ दुरुस्त करायची की नवी घ्यायची? आधी बिघाड कुठं आहे ते बघा

वळिवाच्या पहिल्या वादळानं बांधावरची बाभळ आडवी केली, की दुसऱ्या दिवशी सोलापुरातल्या दुरुस्तीवाल्यांकडं चेनसॉची, म्हणजे झाडं कापायच्या साखळी-करवतीची, रांग लागते. वर्षभर माळ्यावर पडलेलं मशीन, टाकीत गेल्या हंगामाचं पेट्रोल आणि मालकाची एकच तक्रार: "दोरी ओढून ओढून खांदा गेला, पण चालूच होत नाही." सोबत आलेला पाहुणा लगेच सल्ला देतो, की ह्यात पैसे घालण्यापेक्षा नवंच घे, ऑनलाइन स्वस्तात मिळतंय.

मशीन किती जुनं आहे यावरून हा निर्णय घेऊ नये, असं माझं मत आहे. दोनच गोष्टी बघायच्या. बिघाड इंजिनाच्या बाहेर आहे की आत, आणि मशीन कोणत्या बांधणीचं आहे. बाहेरचा बिघाड असेल तर पाच हजाराचं मशीन असो की पन्नास हजाराचं, दुरुस्तच करायचं. आतला असेल तर मात्र वही काढून हिशेब मांडावा लागतो.

बाहेरच्या बिघाडांचं मूळ बहुतेक वेळा पेट्रोलमध्ये सापडतं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. (आपल्याच कारखान्यांचा ऊस फिरून आपल्याच टाकीत येतो म्हणायचा.) इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. मशीन महिनोन्‌महिने तसंच पडलं, की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतं आणि टाकीतलं पेट्रोल-ऑईलचं मिश्रण एकसारखं राहत नाही. कार्बोरेटरमधला पातळ पडदा कडक होतो, पेट्रोलची नळी फुगते किंवा तडकते, बारीक छिद्रांत चिकटा साचतो. पडदा आणि गॅस्केटचं किट, नळी, टाकीतला फिल्टर, नवा प्लग एवढ्यावर मशीन पुन्हा उठतं. प्लगची फट ०.५ मिमी ठेवायची. अशा मशीनला ‘गेलं’ म्हणून भंगारात घालणं म्हणजे पैसे फेकणं आहे.

याच रकान्यात चेन, बार (चेन ज्यावर फिरते ते पातं) आणि स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) येतात. मशीन ताकद देत नाही म्हणून येणाऱ्या कितीतरी जणांची चेनच बोथट असते. लाकडातून जाड कीस पडतो की पिठासारखा भुगा, ते बघा. भुगा पडत असेल तर आधी कानस फिरवा, इंजिनाला दोष नंतर द्या. बाभूळ आणि वेडी बाभूळ दोन्ही चिवट, त्यात ओढ्याकाठच्या झाडांच्या सालीत माती बसलेली, त्यामुळं आपल्याकडं धार लवकर जाते. दोन चेन झिजल्या की स्प्रॉकेटही बदलायचं, नाहीतर तिसरी नवी चेन लवकर खराब होते. बारला जळकं ऑईल घालायची सवय इथं घरोघरी आहे. त्यातला गाळ ऑईल पंप आणि बारचं छिद्र बुजवतो, मग बार कोरडा फिरतो आणि निळा पडतो. तो खर्च मशीनच्या खात्यात मांडू नका.

आता आतलं बघू. दोरी ओढताना इंजिन अडतच नसेल, हात मोकळा फिरत असेल, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलेलं असण्याची शक्यता मोठी. गेज लावलं तर मधल्या आकाराच्या निरोगी मशीनला साधारण १५० पीएसआयच्या आसपास आकडा दिसतो. १०० च्या खाली गेला तर गरम झाल्यावर मशीन पुन्हा चालू व्हायला रडतं. पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका. सायलेन्सर खोला आणि बॅटरी मारून आत पिस्टन बघा. दोन-तीन स्क्रूंचं काम आहे, आणि निर्णयाची निम्मी माहिती तिथंच मिळते. दुरुस्तीवाल्याला "माझ्यासमोर सायलेन्सर काढा" असं सांगायला लाजू नका.

पिस्टनवर फक्त सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर इंजिन तापलेलं आहे. मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी, किंवा कुठून तरी बाहेरची हवा आत शिरते. चारी बाजूंनी ओरखडे असतील तर कुणीतरी ऑईल न मिसळता पेट्रोल घातलंय, हे जवळजवळ नक्की. कार्बोरेटरच्या बाजूला झीज आणि मंद, खरखरीत पृष्ठभाग दिसला तर धूळ आत गेली आहे. एअर फिल्टर फाटका असणार, किंवा फिल्टर काढूनच मशीन चालवलेलं असणार. आपल्याकडच्या उन्हाळी धुळीत हे तिसरं कारण फार दिसतं.

कारण शोधल्याशिवाय नवा पिस्टन बसवणं हा सगळ्यात महागडा प्रकार. क्रँकचं (इंजिनाच्या फिरत्या दांड्याचं) सील फाटलेलं असेल तर नवा पिस्टनही पहिल्यासारखाच जळेल. चांगला मिस्त्री इंजिनाची सगळी तोंडं बुजवून आत अर्धा बार (दाबाचं माप) हवेचा दाब देऊन बघतो, मग हवा उलट ओढूनही बघतो. ही चाचणी न करता पिस्टन बदलतो म्हणणाऱ्याकडून मशीन उचलून घरी आणावं.

आणखी एक सापळा आहे. मोटारसायकलचं इंजिन खोलणारे मेकॅनिक सवयीनं सांगतात, "बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकू." बहुतेक चेनसॉचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा असतो आणि आतून कठीण थराचा मुलामा असतो. बोअर केलं की तो थरच निघून जातो. मुलामा शाबूत असेल आणि वर फक्त पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलं असेल तर ते ॲसिडनं काळजीपूर्वक काढता येतं, सिलिंडर वाचतो, फक्त पिस्टन-रिंगचा खर्च येतो. मुलामा सोलला असेल तर सिलिंडरसह पूर्ण सेट घ्यावा लागतो.

इथून पुढं बांधणीचा प्रश्न येतो.

व्यावसायिक मशीन, म्हणजे श्टिलचं एमएस ३६१ किंवा हुस्क्वार्नाचं ३६५, ३७२ या जातीचं. याचा क्रँककेस मॅग्नेशियमचा असतो आणि सिलिंडर वरून बोल्टनं बसवलेला. चार बोल्ट काढले की पिस्टन हातात येतो. मजुरी कमी लागते, सुटे भाग वर्षानुवर्षं मिळतात. अशा मशीनचं इंजिन एकदा काय, दोनदा बांधलं तरी परवडतं. ‘जुनं झालं’ म्हणून ते विकून नवं स्वस्त मशीन आणणारे लोक मला खरोखर कळत नाहीत. दहा वर्षांचं, नीट बांधलेलं व्यावसायिक मशीन बाभळीच्या बुंध्यात नव्या स्वस्त मशीनला मागं टाकतं.

त्याच कंपन्यांची हलकी मशीन, जसं ३१.८ सीसीचं एमएस १८० किंवा ४५.४ सीसीचं एमएस २५०, नाव तेच पण घडण वेगळी. इंजिन प्लॅस्टिकच्या घरात बसवलेलं असतं. पिस्टन काढायला अख्खं इंजिन बाहेर घ्यावं लागतं, त्यामुळं मजुरी वाढते. सील, बेअरिंग शाबूत असतील आणि फक्त पिस्टन गेला असेल तर एकदा खर्च करायला हरकत नाही. इंजिन बाहेर आलेलंच आहे तर दोन्ही सील आणि नळ्या त्याच वेळी बदलून घ्याव्यात. पण क्रँकचं बेअरिंगही वाजत असेल, ऑईल पंप गळत असेल, हँडलचे रबर फाटले असतील, तर थांबा. सगळे भाग एकेक करून बदलत गेलात तर शेवटी नव्या मशीनइतके पैसे जातात आणि हातात जुनंच मशीन उरतं.

तिसरी जात म्हणजे ५२ किंवा ५८ सीसीचं लेबल लावलेली, वेगवेगळ्या नावांनी विकली जाणारी चिनी बनावटीची मशीन. लेबलवरचे सीसी सिलिंडरच्या मापाशी जुळतीलच असं नाही. तरी मी यांना सरसकट नावं ठेवणार नाही. नावं वेगळी असली तरी आतली बांधणी बरीच सारखी, म्हणून एकाचा कार्बोरेटर दुसऱ्याला चालतो आणि भाग स्वस्त मिळतात. वर्षातून दोन-चारदा बांध साफ करणाऱ्याला हे मशीन पुरतं. कार्बोरेटर, कॉइल, स्टार्टर गेला तर बदला. इंजिन बांधायला मात्र निघू नका, कारण पिस्टन स्वस्त असला तरी मिस्त्रीची मजुरी चांगल्या मशीनइतकीच लागते. आणि त्यासोबत येणारा २२ इंची बार काढून १८ इंची लावा. आपल्याकडच्या बहुतेक बाभळी-लिंबांना तो पुरतो आणि इंजिनावरचा ताण कमी होतो.

विजेवर चालणारी चेनसॉ वखारवाल्यांनी किंवा सरपण फोडणाऱ्या बेकरीवाल्यांनी नक्की विचारात घ्यावी. कार्बोरेटर नाही, मिश्रण नाही, शिळ्या पेट्रोलची कटकट नाही. २००० वॉटच्या मशीनला जवळपास ९ अँपिअर लागतात. पातळ वायरची लांबच लांब एक्स्टेंशन लावली की व्होल्टेज पडतं आणि मोटर जळते. किमान २.५ चौरस मिमीची वायर घ्या. सांगोल्याकडच्या डाळिंबवाल्यांना छाटणीसाठी बॅटरीची छोटी करवत बरी, फक्त तेल्या रोग असलेल्या झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं निर्जंतुक करा. बुंधे कापायला ती आणू नका.

हिशेब असा मांडतो. दुरुस्तीचा एकूण खर्च त्याच जातीच्या नव्या मशीनच्या निम्म्याच्या आत असेल तर दुरुस्ती. तुलना मात्र त्याच जातीशी. समजा व्यावसायिक मशीनला बारा हजार खर्च येतोय आणि स्वस्त मशीन नऊ हजाराला मिळतंय, तर नऊ हजारवालं स्वस्त पडलं असं होत नाही. झाडं तोडायचा ठेका घेणाऱ्यानं बुडालेल्या दिवसांची मजुरीही धरावी. माणसं बसून आहेत आणि भाग पुण्याहून यायचाय, अशा वेळी दुसरं मशीन जवळ असणं हीच खरी बचत. शेतकऱ्याला एवढी घाई नसते, त्यानं दोन दिवस थांबून दुरुस्तच करावं.

पैशांच्या पलीकडं एक अट आहे. चेन ब्रेक धरत नसेल, चेन तुटली तर अडवणारा खालचा आकडा नसेल, थ्रॉटलचं लॉक काम करत नसेल, तर इंजिन कितीही ठणठणीत असलं तरी ते मशीन तसं चालवायचं नाही. हे भाग मिळत असतील तर आधी बसवा, मिळत नसतील तर मशीन बाजूला ठेवा.

नवं घ्यायचंच ठरलं तर काउंटरवर विचारा: याचा पिस्टन सेट, ऑईल पंप आणि क्लच ड्रम आज दुकानात आहे का? "मागवून देतो" आणि "हा घ्या" यांतला फरक ऐन वळिवात कळतो. नामांकित कंपनीच्या रंगात रंगवलेली नक्कल बाजारात असते, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या आणि अंगावर कोरलेला क्रमांक बिलावर लिहून घ्या. पहिल्या दिवसापासून मिश्रण मोजून करा. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली टू-टी ऑईल, २५ ला १ म्हणजे ४० मिली. कोणतं लागू ते मशीनच्या पुस्तिकेत आणि ऑईलच्या डब्यावर बघा, बाटलीच्या झाकणानं अंदाजे ओतू नका. हंगाम संपला की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मगच माळ्यावर टाका.

आणि जुनं मशीन भंगारात किलोवर देऊ नका. त्याची चांगली कॉइल, ऑईल पंप, बार आणि क्लच काढून घेणारा मिस्त्री जास्त पैसे देतो, किंवा पुढच्या दुरुस्तीत तरी वळते करतो.