दादरची एक अभ्यासिका, एका मुद्रितशोधकाच्या नजरेतून

दिवाळी अंकांची मुद्रिते, म्हणजे छपाईआधी चुका तपासायच्या प्रती, मी ऑगस्टपासून घरीच तपासतो आणि नेमके त्याच दिवसांत घरची मंडळी, इस्त्रीवाला, कुरियरवाला आणि स्वतः संपादक ‘एकच मिनिट’ म्हणून मला हाक मारत राहतात. म्हणून या वर्षी दादर पश्चिमेला, स्थानकापासून पाच मिनिटांवर असलेल्या एका खासगी अभ्यासिकेत महिना १,६०० रुपये भरून जागा घेतली. तिथे सगळी मुले-मुली स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी. पन्नाशीचा मी एकटाच.

जागा शांत आहे, असे मुळीच म्हणता येणार नाही. खिडकी रुळांच्या बाजूला असल्याने लोकलची धडधड आणि फलाटावरच्या उद्घोषणा दिवसभर ऐकू येतात, शिवाय पंखाही कुरकुरतो. तरीही घरी जेमतेम वीस पाने होत असताना इथे पहिल्याच आठवड्यात दिवसाला पस्तीस पाने होऊ लागली, कारण लोकलच्या आवाजाला उत्तर द्यावे लागत नाही. कोणी नाव घेऊन हाक मारली की मात्र हातातले वाक्य सुटते; मग मी परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचतो, किंवा तो वाचून झाला आहे अशा समजुतीने पुढे जातो आणि ‘दिन’चा ‘दीन’ झालेला अंक छापून आल्यावरच दिसतो.

अर्धवट सोडलेले काम मनात रेंगाळत राहते आणि त्यामुळे पुढचे काम बिघडते, हे संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवले होते. कामातल्या व्यत्ययांचा अभ्यास करणाऱ्या ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००८ मधील प्रयोगाचा निष्कर्ष मला अधिक बोलका वाटतो: व्यत्यय आलेल्यांनी काम उलट लवकर संपवले, पण त्यांचा ताण आणि वैताग वाढला. वेग वाढला म्हणून खूश होणाऱ्यांनी घाईत तपासलेले मुद्रित एकदा पाहावे.

इथला सर्वांत उपयोगी नियम म्हणजे मोबाइल दाराजवळच्या लॉकरमध्ये ठेवायचा आणि फोन जिन्यात जाऊनच करायचा. साडेअकरा आणि चार वाजता सगळे खाली टपरीवर चहाला जातात. ती वेळ आधीच ठाऊक असल्यामुळे हातातला फर्मा (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा संच) संपवूनच उठता येते. ज्यांना ग्राहकांचे फोन तत्काळ घ्यावे लागतात, त्यांनी मात्र इकडे फिरकू नये.

उणिवा दोन आहेत. दार आपटते आणि दाराजवळ बसणारा दर वेळी मान वर करतो. शुल्काची पावती देणारे व्यवस्थापक तर ऐन वाचनात खांद्यावर हात ठेवून सही मागतात. ही सही चहाच्या वेळी घ्यावी, असे मी त्यांना लेखी कळवले आहे. ऑक्टोबरअखेरपर्यंतचे पैसे भरून टाकले आहेत. जागा तेवढी दारापासून चौथी मागून घेतली.