रात्री दोन वाजता कोण येणार?

माझ्या वडिलांना, अण्णांना, गेल्या वर्षी स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. वय ७९. कळलं तेव्हाच तो यकृतापर्यंत पोचलेला होता. दोन केमो झाल्या, अंगात काही राहिलं नाही, आणि डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "आता घरी न्या. करण्यासारखं काही उरलेलं नाही." या वाक्याने माणूस इतका रिकामा होतो, की त्यानंतर जो कोणी "आम्ही आहोत ना" म्हणेल त्याचा हात तो धरतो. आम्हीही धरला.

ज्यांचा धरला त्यांचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. पण पुण्यात आता घरी येऊन सेवा देणारे असे बरेच आहेत, आणि ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांना विचार करायला चार दिवसही मिळत नाहीत. म्हणून लिहिते आहे.

त्यांचं ऑफिस नीटनेटकं होतं. समोर बसलेल्या काउन्सिलर मॅडम मृदू बोलत होत्या, त्यांनी आईच्या हातावर हात ठेवला. "आजोबांना हॉस्पिटलची पायरी पुन्हा चढावी लागणार नाही, ही आमची जबाबदारी." घरच्या घरी हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातली सेवा, चोवीस तास जीएनएम (नर्सिंगचा कोर्स केलेली) नर्स, आठवड्यातून दोनदा डॉक्टरांची भेट, रात्री-अपरात्री डॉक्टर फोनवर, अल्फा बेड (पंपाने हवा भरायची गादी), ऑक्सिजन, समुपदेशन. तीस दिवसांचे ७२ हजार, सगळे आगाऊ. शिवाय २० हजार डिपॉझिट. दादा बेंगळुरूहून फोनवर म्हणाला, "पैशाचा विचार करू नकोस." मी बेडबद्दल विचारलं, नर्सच्या जेवणाबद्दल विचारलं, ऑक्सिजनच्या मशीनला वीज किती लागते तेही विचारलं. अण्णांचं दुखणं रात्री वाढलं तर नेमकं कोण येईल आणि काय देईल, हे मात्र विचारलं नाही. चोवीस तास म्हटल्यावर त्यात ते आलंच, असं मी धरून चालले.

स्वादुपिंडाचं दुखणं पाठीतून निघतं. आडवं पडलं की वाढतं, पुढे वाकून बसलं की जरा हलकं होतं. अण्णा रात्रभर पलंगाच्या कडेला, मांडीवर दोन उश्या घेऊन त्यांवर कपाळ टेकवून बसायचे. आमच्या कर्वेनगरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्यांचं कण्हणं कुठेही गेलं तरी ऐकू यायचं. आई देवासमोर बसून राहायची.

नर्स म्हणून आलेली मुलगी परभणीकडची, विशीतली. स्वभावाने अतिशय गोड. अण्णांना आजोबा म्हणायची, त्यांचे पाय चेपून द्यायची. पण कॅथेटरची पिशवी कशी रिकामी करायची ते तिला माझ्या नवऱ्याने यूट्यूबवर पाहून शिकवलं. दर दोन तासांनी कूस बदलायची असते हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. आठव्या दिवशी अण्णांना पुसताना माकडहाडाशी रुपयाएवढा लाल डाग दिसला. बोटाने दाबला तरी पांढरा पडेना. ती बेडसोरची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात होती. अल्फा बेडचा पंप भिंतीशी नुसता ठेवलेला होता, नळी जोडलेलीच नव्हती.

डॉक्टर एकदाच आले, पहिल्या दिवशी. दहा मिनिटं थांबले, फाइलवर सह्या केल्या. पुढच्या सगळ्या भेटी मोबाइलच्या पडद्यावर झाल्या.

नववी रात्र मी विसरू शकणार नाही. दीड वाजता अण्णा ओरडायला लागले. जन्मभर ज्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नाही, ते माझे वडील. मी त्या सेवेच्या चोवीस तासांच्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या मुलाने पेशंटचा कोड विचारला, तक्रार नोंदवली आणि डॉक्टर कॉल करतील म्हणाला. पन्नास मिनिटांनी व्हिडिओ कॉल आला. डॉक्टर म्हणाले, ट्रामाडॉलची एक गोळी जास्त द्या. मी सांगितलं, दिवसभरात ४०० मिलिग्रॅम गेलं आहे, चिठ्ठीवर तुमच्याच माणसाने त्याहून जास्त द्यायचं नाही असं लिहिलंय. ते जरा थांबले आणि म्हणाले, "मग कॅज्युअल्टीला न्या."

नेलं. तिथे सलाइन लावलं, रक्त काढलं, आयसीयूत हलवायचं का असं विचारलं. अण्णांनी माझा हात घट्ट धरला होता. "मला इथे ठेवू नकोस" एवढंच म्हणत होते. याच गोष्टीपासून त्यांना वाचवायला आम्ही ७२ हजार भरले होते.

दुसऱ्या दिवशी मी काउन्सिलर मॅडमना विचारलं, मॉर्फिन का देत नाही? त्या म्हणाल्या, "मॅम, मॉर्फिन म्हणजे अगदी शेवटचं. त्याची सवय लागते, श्वास थांबतो. आमच्या प्रोटोकॉलमध्ये ते बसत नाही." मी घाबरले आणि गप्प बसले. माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक हीच. खरी गोष्ट काय होती ते मला नंतर कळलं, आणि ते प्रत्येकाला माहीत असायला हवं.

कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायचं मॉर्फिन हा जगभरातला साधा, जुना उपचार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच वेदनेच्या उपचारांची शिडी आखून दिली होती. सौम्य दुखण्याला पॅरासिटामॉलसारखी औषधं, त्यावर कोडीन-ट्रामाडॉलच्या जातीची, आणि त्यानेही भागलं नाही तर मॉर्फिन. पेशंटचे किती दिवस उरलेत याच्यावर मॉर्फिन कधी द्यायचं ते ठरत नाही, दुखणं किती आहे यावर ठरतं. साधी गोळी दर चार तासांनी द्यायची असते, दुखण्याची वाट न पाहता, घड्याळ बघून. मध्येच कळ आली तर द्यायचा जादा डोस आधीच लिहून ठेवलेला असतो. हळूहळू, बघत बघत वाढवलं तर श्वास थांबण्याची भीती धरायचं कारण नाही. उलट शेवटच्या आजारात दम लागतो तेव्हाही डॉक्टर थोडं मॉर्फिन देतात. बद्धकोष्ठता मात्र हमखास होते, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध सोबत हवंच. ज्याने मॉर्फिन लिहिलं आणि पोटाचं हे औषध लिहिलं नाही, त्याला या कामाची माहिती कमी आहे असं खुशाल समजा.

मग ते देत का नव्हते? कारण ते त्यांच्याकडे नव्हतंच. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे मॉर्फिन ठेवणं पूर्वी फार अवघड होतं, एकेका गोळीसाठी परवान्यांची रांग असायची. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून अन्न व औषध प्रशासनाची मान्यता घेतलेल्या वैद्यकीय संस्थेला ते ठेवता आणि देता येतं. नियम आहेत, नोंदवही ठेवावी लागते, प्रशिक्षित डॉक्टर लागतो. या लोकांनी ती मान्यता घेतलेली नव्हती. त्यांच्या माहितीपत्रकावर 'वेदनामुक्त' हा शब्द चार वेळा छापलेला आहे, मी मोजला.

आमचे जुने फॅमिली डॉक्टर अकराव्या दिवशी सहज चौकशीला आले. अण्णांना त्या उश्यांवर वाकलेलं पाहून ते माझ्यावर चक्क रागावले. "वारज्याला का नाही नेलंत?" वारज्यात सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर, म्हणजे पेशंटच्या वेदना आणि त्रास कमी करणारं केंद्र, १९९७ पासून आहे. कॅन्सरच्या पेशंटची तिथे विनामूल्य काळजी घेतली जाते, घरच्यांनाही शिकवतात. आमच्या घरापासून गाडीने पंधरा मिनिटं. त्या बाजूने आम्ही हजारदा गेलो असू. मला वाटायचं, तिथे फक्त मरायला नेतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी नेलं. तिथल्या डॉक्टरांनी खुर्ची ओढली, अण्णांच्या समोर बसून अण्णांनाच विचारलं, कुठे दुखतंय, शून्य ते दहामध्ये किती, झोप किती वेळ लागते, मनात काय येतं. इतके दिवस सगळे माझ्याशी बोलत होते, त्यांच्याशी कुणी बोललंच नव्हतं. तिसऱ्या रात्री अण्णा आडवे झोपले. सकाळी उठून त्यांनी पेपर मागितला. सहा दिवसांनी औषधांचं वेळापत्रक घेऊन आम्ही घरी आलो. त्यानंतर ते अठरा दिवस होते. त्यांतल्या बऱ्याच दिवशी दोन घास वरणभात खाल्ला, आईशी जुन्या गोष्टी बोलले, दादाला समोर बसवून बँकेचे कागद समजावले. गेले पहाटे, झोपेत, स्वतःच्या पलंगावर. फॅमिली डॉक्टरांनी येऊन मृत्यूचं कारण लिहिलेला दाखला दिला. घरी मृत्यू झाला तर तो ४अ नमुन्यातला कागद लागतो, आणि तो नसेल तर वैकुंठ स्मशानभूमीत नेईपर्यंत घरच्यांची धावाधाव होते. शेवटी येऊन दाखला कोण देणार, हेही आधीच ठरवून घ्या. विचारायला जीभ जड होते, तरी विचाराच.

आता मला कुणी विचारलं, अशी सेवा लावू का, तर मी आधी एवढंच विचारायला सांगते: रात्री दोन वाजता दुखणं वाढलं तर कोण येणार, किती वेळात येणार, आणि त्याच्याकडे मॉर्फिन असेल का? उत्तर गोल आलं तर उठून या. डॉक्टरांचं नाव आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा, पॅलिएटिव्हचं प्रशिक्षण कुठे घेतलं ते विचारा. नर्स म्हणून जी येणार तिचा महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचा कागद पाहा. घरात कामाला मावशी हवी असेल तर मावशीच ठेवा, त्यात काही कमीपणा नाही, पण मग मावशीचे पैसे द्या, नर्सचे नाही. एक महिन्याचे पैसे एकदम भरू नका. अशा पेशंटचा महिना पुरा होईलच असं नाही, आणि हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

पैशांचं सांगायचं तर, आम्ही बाराव्या दिवशी सेवा बंद केली आणि उरलेल्या दिवसांचे पैसे मागितले. करारात चौथ्या पानावर बारीक अक्षरात होतं, आगाऊ रक्कम कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही. डिपॉझिटमधून हातमोज्यांचे चार खोके, गॉज, ड्रेसिंगचं सामान असे १७ हजार कापले. बेडसोरचं ड्रेसिंग मी स्वतः करत होते, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेल्या सामानाने. आणि २० हजारांचं ते डिपॉझिट त्यांच्या सांगण्यावरून एका व्यक्तीच्या यूपीआयवर पाठवलं होतं, त्याची पावती कधी आलीच नाही. असं करू नका.

ती परभणीची मुलगी जाताना माझ्यापाशी रडली. "ताई, मला महिन्याला १३ हजार देतात. मी नर्सिंग केलेलं नाही, फक्त दोन दिवस ट्रेनिंग दिलं. सांगू नका म्हणाले होते." माझा तिच्यावर अजिबात राग नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली, त्यांच्याकडून उत्तर आलं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात शुल्क लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. दादाला वाटत होतं, आता कशाला. आई म्हणाली, कर.

तक्रारीसाठी कागद लावताना त्या सेवेची फाइल पहिल्यांदा नीट पाहिली. त्यात रोजच्या नोंदींचा तक्ता असतो, दर चार तासांनी बीपी, नाडी, ऑक्सिजन. त्या परभणीच्या मुलीने मला सांगितलं होतं की सुपरवायझर सकाळीच दिवसभराचं भरून ठेवायला लावतात. शेवटचं पान ज्या दिवशी आम्ही अण्णांना वारज्याला नेलं त्या दिवसाचं आहे. दुपारी बाराला आम्ही घर सोडलं. पानावर संध्याकाळी सहाचं बीपी आहे १२४/८०. रात्री दहाचं १२२/७८. शेजारी शेरा आहे, 'पेशंट शांत झोपले आहेत, वेदना नाही.' ते पान मी तक्रारीला जोडलं आहे.